मध्ययुगीन विश्वाची आकृती बरोबर कशी काढायची: गोलांचा क्रम, जाडी आणि दिशा

कोपर्निकसच्या आधीचं विश्व दाखवणारा तक्ता शाळेच्या प्रदर्शनात, दिवाळी अंकातल्या लेखात, व्याख्यानाच्या स्लाइडवर हमखास दिसतो आणि बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतो. आजच्या सूर्यमालेचं चित्र घ्यायचं, सूर्य खोडून तिथे पृथ्वी लिहायची, पृथ्वीच्या जागी सूर्य लिहायचा, झालं काम. मग बुध पृथ्वीला खेटून बसतो, चंद्र कडेला लटकलेला टिपका होतो आणि ग्रहांच्या मध्ये काळीकुट्ट मोकळी जागा उरते. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यातलं काहीच ओळखता आलं नसतं. त्याच्या विश्वात ग्रह रेषेवरून धावत नव्हते. एकात एक घट्ट बसलेल्या डब्यांसारखे जाड गोल होते, दोन गोलांमध्ये पोकळी नव्हती आणि ग्रह गोलाच्या जाडीतच राहत होता. आकृती काढताना एवढं धरून ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

उरलेल्या चुका टाळण्यासाठी पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः पहिला टप्पा गाळून थेट कंपास हातात घेऊ नका.

## टप्पा १: कोणाचं विश्व, ते आधी ठरवा

'मध्ययुगीन विश्व' असं एकच विश्व नव्हतं. गोलांची संख्या पुस्तकागणिक बदलते, म्हणून एक पुस्तक निवडा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा. नेहमी लागणारे पर्याय तीन.

साक्रोबोस्कोचं 'दे स्फेरा' (सुमारे १२३०) हे विद्यापीठांतलं पाठ्यपुस्तक. यात नऊ गोल आहेत: सात ग्रहांचे सात, आठवा स्थिर ताऱ्यांचा, नववा सगळ्यांना फिरवणारा.

इटालियन कवी दान्तेच्या 'पॅराडिसो' या काव्यात दहा स्वर्ग आहेत. आठवा ताऱ्यांचा, नववा आद्यचालक (सगळ्यांना फिरवणारा) आणि दहावा एम्पिरियन, म्हणजे जागा आणि काळ यांच्या पलीकडचा, न हलणारा.

पीटर एपियनच्या 'कॉस्मोग्राफिया'त (१५२४) ताऱ्यांच्या आठव्या गोलानंतर नववा स्फटिकगोल, दहावा आद्यचालक आणि त्याबाहेर एम्पिरियन आहे. साल सोळाव्या शतकातलं असलं तरी मजकूर जुन्या परंपरेचाच. इंटरनेटवर खूप फिरणारी एक आकृती याच पुस्तकातली.

तक्त्यासाठी मी एपियन सुचवेन, कारण त्यात वलयं जास्त आहेत आणि पाहणाऱ्याला प्रश्न सुचतात. व्याख्यान दान्तेवर असेल तर मात्र एपियनची आकृती लावू नका. त्यातला स्फटिकगोल दान्तेकडे वेगळा मोजलेला नाही, आणि ताऱ्यांच्या गोलापुढचे आकडे एकाने सरकतात.

सावधान: विष्णुपुराणातला क्रम यात मिसळू नका. तिथे चंद्र सूर्याच्या वर आहे. आपल्याकडच्या सिद्धान्तग्रंथांचं (संस्कृतातले ग्रहगणिताचे ग्रंथ) विश्वही वेगळं आहे, त्याबद्दल टप्पा ८ मध्ये.

## टप्पा २: कागद, कंपास आणि मापं

कागद ए-थ्री आकाराचा घ्या. कंपासपेटीतला साधा कंपास साडेतेरा सेंटिमीटर उघडत नाही, आणि उघडलाच तर पाय फाकून वर्तुळ जुळत नाही. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची दीड बोट रुंद पट्टी कापा. एका टोकाला टाचणी टोचा आणि तिच्यापासून ठरलेल्या अंतरांवर पेन्सिलीचं टोक जाईल एवढी भोकं पाडा. कागदाच्या मध्यावर, मागच्या बाजूने, चिकटपट्टीचे दोन तुकडे लावा. एकाच जागी तेरा वर्तुळं काढताना टाचणीचं भोक सैल होतं आणि आतली वर्तुळं डुगडुगतात. त्यासाठीच सर्वांत मोठं वर्तुळ शेवटी काढायचं: थोडी चूक मोठ्या वर्तुळात लपते, लहानात लपत नाही.

एपियनच्या आकृतीसाठी त्रिज्या मिलिमीटरमध्ये:

- पृथ्वी आणि पाणी १४, हवा २४, अग्नी ३५
- चंद्र ४५, बुध ५५, शुक्र ६५, सूर्य ७५
- मंगळ ८५, गुरू ९५, शनी १०५
- स्थिर तारे ११५, स्फटिकगोल १२५, आद्यचालक १३५

हे आकडे प्रत्येक वलयाच्या बाहेरच्या कडेचे आहेत. म्हणजे चंद्राचा गोल ३५ पासून ४५ पर्यंत, जिथे अग्नी संपतो तिथे तो सुरू होतो. आद्यचालकाच्या बाहेर आणखी वर्तुळ काढायचं नाही. तिथून कागदाच्या कडेपर्यंतचा भाग एम्पिरियनचा, आणि त्याला बाहेरची कड नाही.

तपासा: मोजून तेरा वर्तुळं झाली का? चौदावं दिसत असेल तर तुम्ही एम्पिरियनला सीमा घातली आहे.

## टप्पा ३: आतून बाहेर क्रम भरा

मधल्या चकतीत जमीन आणि समुद्र एकत्र दाखवा, कारण पृथ्वी आणि पाणी मिळून एकच गोळा मानला जाई. ती सपाट थाळी काढू नका. साक्रोबोस्को पृथ्वी गोल असल्याचे पुरावे स्वतःच देतो: एकच चंद्रग्रहण पूर्वेकडच्यांना त्यांच्या रात्रीच्या उशिराच्या तासाला दिसतं, आणि किनाऱ्यावरची खूण डोलकाठीच्या पायथ्यापासून दिसेनाशी झाली तरी टोकावरून दिसते. 'त्या काळी लोक पृथ्वी सपाट मानत' ही ओळ तक्त्यावर असेल तर खोडा.

मग हवा, मग अग्नी, आणि त्यानंतर ग्रह: चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी.

हाताच्या सवयीने इथे तीन गोष्टी घुसतात.

पहिली राहू-केतू. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते हे दोन बिंदू. युरोपात त्यांना ड्रॅगनचं डोकं आणि शेपूट म्हणत, पण त्यांना स्वतःचा गोल नाही. दुसरी युरेनस, तो १७८१ मध्ये सापडला. तिसरी म्हणजे शुक्र आणि बुध यांची अदलाबदल. या दोघांचा क्रम मोजून ठरवण्याचा मार्ग तेव्हा नव्हता. टॉलेमीने (दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा खगोलशास्त्रज्ञ) दोघांना सूर्याच्या खाली ठेवलं आणि बहुतेकांनी ते स्वीकारलं. सेव्हिलच्या जाबिर इब्न अफ्लाह या खगोलशास्त्रज्ञाने त्यांना सूर्याच्या वर नेलं. तोही क्रम दाखवता येईल, फक्त तेव्हा जाबिरचं नाव लिहा.

तपासा, वारांनी: क्रम बरोबर आहे का हे पाहायला कुठलंच पुस्तक लागत नाही. बाहेरून आत लिहा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा या क्रमाने एकेका ग्रहाला वाटत जा. चोवीसला सातने भागलं की तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा तीन घरं पुढच्या ग्रहाची. शनीपासून तीन घरं पुढे रवी, तिथून चंद्र, मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि पुन्हा शनी. शनिवार, रविवार, सोमवार असा आठवडा नीट लागला तर क्रम बरोबर. कुठे अडलं तर त्या जागेचे दोन ग्रह उलटे झाले आहेत. सूर्यसिद्धान्तातही वारांचे स्वामी याच रीतीने दिले आहेत, तेव्हा ही तपासणी दोन्ही परंपरांना चालते.

## टप्पा ४: बाण आणि काळ

आकृती उत्तरेकडून खाली पाहिल्यासारखी धरा. तसं धरलं की पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी गती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिसते.

आद्यचालकाच्या वलयात एकच बाण काढा, घड्याळाच्या दिशेने, आणि लिहा '२४ तास'. हा गोल सगळ्यांना ओढत रोज पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवतो. आतल्या गोलांना स्वतःची उलटी, संथ गती आहे. तिचे बाण घड्याळाच्या उलट. चंद्राला सुमारे २७ दिवस आणि ८ तास, सूर्याला एक वर्ष, मंगळाला सुमारे दोन, गुरूला बारा आणि शनीला तीस वर्षं. तारे टॉलेमीच्या हिशेबाने शंभर वर्षांत एक अंश सरकतात, म्हणजे पूर्ण फेरी ३६,००० वर्षांची. एका गोलाला एकच नैसर्गिक गती शोभते, हा तेव्हाचा आग्रह. ताऱ्यांना रोजची फेरी आणि हे संथ सरकणं (संपातचलन) अशा दोन गती दिसल्या, म्हणूनच वर आणखी गोल चढवावे लागले.

सावधान: बुधाच्या वलयात '८८ दिवस' आणि शुक्राच्या वलयात '२२५ दिवस' लिहू नका. ते सूर्याभोवतीच्या फेरीचे काळ आहेत. टॉलेमीच्या विश्वात दोघेही सूर्याच्या आगेमागे राहतात, त्यामुळे पृथ्वीभोवती त्यांची सरासरी फेरी एक वर्षाचीच. पाठ्यपुस्तकातला तक्ता समोर ठेवून भरलेल्या आकृतीत ही चूक सापडतेच.

## टप्पा ५: रंग आणि पृथ्वीची सावली

पार्श्वभूमी काळी करू नका. सूर्याचा प्रकाश पारदर्शक गोलांतून सगळीकडे पोहोचतो आणि रात्र म्हणजे पृथ्वीची सावली, एवढीच त्या विश्वातली रात्र. फिकट निळा किंवा नुसता पांढरा कागद चालेल.

सावली मात्र जरूर दाखवा. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पृथ्वीपासून निमुळता शंकू काढा. टॉलेमीने त्याची लांबी पृथ्वीच्या २६८ त्रिज्या काढली होती, आणि त्याच्याच मापांत शुक्राचा गोल १६६ पासून सुरू होतो. म्हणून टोक चंद्र आणि बुध यांची वलयं ओलांडून शुक्राच्या वलयात जेमतेम शिरलं पाहिजे. आपल्या कागदावर साधारण ५६ मिलिमीटरवर. दान्तेने पृथ्वीची सावली शुक्राच्या स्वर्गात संपवली आहे, ती याच हिशेबावर.

इथपर्यंत नेहमीचा तक्ता तयार होतो. पुढचे दोन टप्पे ज्यांना 'अंतरं खरी आहेत का?' या प्रश्नाला सामोरं जायचं आहे त्यांच्यासाठी. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

## टप्पा ६: खऱ्या प्रमाणात मांडणी

वरची दहा-दहा मिलिमीटरची वलयं सोयीसाठी होती. टॉलेमीकडे खरी मापं होती, आणि ती साध्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा काढता येतात. युक्ती अशी: प्रत्येक ग्रहाच्या सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या अंतराचं गुणोत्तर त्याच्या गतीवरून कळतं. पोकळी नसल्यामुळे एकाची बाहेरची कड हीच पुढच्याची आतली कड. मग चंद्रापासून गुणाकार करत वर चढायचं.

सगळी अंतरं पृथ्वीच्या त्रिज्येत:

१. चंद्र ३३ ते ६४. इथून सुरुवात.
२. बुध, गुणोत्तर ३४ : ८८. ६४ ला ८८ ने गुणा, ३४ ने भागा: १६६.
३. शुक्र, १६ : १०४. उत्तर १०७९.
४. सूर्य ११६० ते १२६०. हा आकडा गुणाकारातून आलेला नाही. सूर्याचं अंतर टॉलेमीने ग्रहणांवरून स्वतंत्रपणे काढलं होतं.
५. मंगळ, १ : ७. १२६० गुणिले सात, ८८२०.
६. गुरू, २३ : ३७. तुमच्या कॅल्क्युलेटरवर १४,१८९ येईल. टॉलेमीकडे १४,१८७ आहे.
७. शनी, ५ : ७. त्याच्या १४,१८७ वरून मोजलं तर १९,८६२ येतं, त्याच्याकडे १९,८६५ आहे.
८. तारे: सरळ २०,०००.

शेवटच्या अंकांतला फरक पाहून हिशेब चुकला असं समजू नका. तो त्याच्या गणिताचाच आहे. शुक्र १०७९ ला संपतो आणि सूर्य ११६० ला सुरू होतो, ही फट मात्र खरी आहे. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ यावेत हीच टॉलेमीला आपल्या रचनेची खूण वाटली असणार. फट त्यालाही दिसली होती, आणि चंद्राचं अंतर थोडं वाढवलं की सूर्याचं कमी होतं असं त्याने नोंदवलं. नवव्या शतकातल्या अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञाच्या आकड्यांत ती बुजलेली दिसते: शुक्राची बाहेरची आणि सूर्याची आतली कड, दोन्ही ११२०.

सावधान: टॉलेमी आणि अल-फरगानी यांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका. अल-फरगानीकडे शनीची बाहेरची कड २०,११० आहे आणि पृथ्वीची त्रिज्या ३२५० मैल, म्हणून तारे ६,५३,५७,५०० मैलांवर. हे मैल त्याचे आहेत. त्यांना आजच्या मैलांच्या मापाने किलोमीटरमध्ये बदलू नका.

आता कागदावर. ताऱ्यांचा गोल १० सेंटिमीटर त्रिज्येचा काढला तर चंद्राची बाहेरची कड केंद्रापासून ०.३२ मिलिमीटरवर येते, पेन्सिलीच्या रेघेपेक्षाही कमी. वर्तुळं सोडून द्या. बिलाच्या मशीनचा कागदी रोल आणा आणि दोन मीटर लांब पट्टी कापा. एक मिलिमीटर म्हणजे पृथ्वीच्या दहा त्रिज्या. चंद्र ३.३ ते ६.४ मिलिमीटर, बुध १६.६ पर्यंत, शुक्र १०८ पर्यंत, सूर्य ११६ ते १२६, आणि मग एकट्या मंगळाचा गोल थेट ८८२ पर्यंत. पाऊण मीटर फक्त मंगळ! गुरू १४१९ ला संपतो, शनी १९८६ च्या पुढे. भिंतीवर ही पट्टी लावली की लोक मंगळापाशी थांबतात आणि विचारतात. त्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ७: मंगळाचा गोल उघडून दाखवा

ग्रह कधी जवळ येऊन तेजस्वी होतो, कधी दूर जातो, मधेच मागे फिरतो. हे सगळं गोलाच्या जाडीत बसवावं लागतं. टॉलेमीची मंगळासाठीची मापं अशी: मोठ्या वर्तुळाची त्रिज्या ६०, त्याचं केंद्र पृथ्वीपासून ६ सरकलेलं, आणि त्या वर्तुळावर फिरणारं छोटं वर्तुळ ३९ १/२ त्रिज्येचं. सर्वांत दूर: ६० + ६ + ३९ १/२ = १०५ १/२. सर्वांत जवळ: ६० − ६ − ३९ १/२ = १४ १/२. गुणोत्तर सातच्या थोडं वर. टॉलेमीने सात धरलं. पाऊण मीटरचं कारण हेच. गुरूचं सरकणं २ ३/४ आणि छोटं वर्तुळ ११ १/२. बेरीज-वजाबाकी करा, ७४ १/४ आणि ४५ ३/४ येतील, म्हणजे जवळपास ३७ : २३.

आकृतीसाठी मापं निम्मी करा, आणि १९.७५ साध्या कंपासावर धरता येत नाही म्हणून २० घ्या.

पृथ्वीचा बिंदू द्या. तो केंद्र धरून ७ आणि ५३ मिलिमीटरची वर्तुळं काढा. या गोलाच्या दोन कडा. आता पृथ्वीच्या ३ मिलिमीटर वर दुसरा बिंदू द्या आणि तो केंद्र धरून १० आणि ५० ची वर्तुळं काढा. या दोघांमधला पट्टा म्हणजे छोट्या गोलाची फिरायची वाट. त्याच केंद्रावर ३० चं वर्तुळ तुटक रेषेने, आणि त्या रेषेवर कुठेही केंद्र घेऊन २० त्रिज्येचा छोटा गोल. मंगळ या छोट्या गोलाच्या कडेवर.

तपासा: ५० चं वर्तुळ वरच्या बाजूला ५३ च्या वर्तुळाला टेकलं पाहिजे आणि १० चं वर्तुळ खालच्या बाजूला ७ च्या वर्तुळाला. दोन्हीकडे फट किंवा छेद दिसला तर बहुधा सरकवलेलं केंद्र आणि पृथ्वी यांची अदलाबदल झाली आहे.

उरलेले दोन असमान जाडीचे तुकडे, एक वरून निमुळता होत जाणारा आणि एक खालून, राखाडी रंगवा. प्युअरबाखच्या पंधराव्या शतकातल्या पुस्तकात अशाच आकृत्या आहेत. मग पृथ्वीच्या ६ मिलिमीटर वर तिसरा बिंदू द्या: छोट्या गोलाचं केंद्र एकसारख्या वेगाने फिरताना दिसतं ते या बिंदूवरून. पृथ्वी, केंद्र, हा बिंदू, तिन्ही एका रेषेत आणि सारख्या अंतरावर.

## टप्पा ८: सिद्धान्तग्रंथांची आकृती हवी असेल तर

ग्रहांचा क्रम तोच, पण बाकी सगळं वेगळं, म्हणून कागदही वेगळा घ्या. इथे एकात एक बसणारे गोल नाहीत. सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात, हे गृहीत. ज्याला फेरीला जास्त दिवस लागतात त्याची कक्षा तेवढी मोठी. सूर्यसिद्धान्तात चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनं आणि सूर्याची ४३,३१,५०० योजनं. पहिलीला २७.३२ ने भागा, दुसरीला ३६५.२६ ने: दोन्हीकडे सुमारे ११,८५९ येतात. तारे सूर्याच्या साठपट दूर. बुध आणि शुक्र यांच्या कक्षा मात्र इथे ८८ आणि २२५ दिवसांवरूनच येतात, म्हणजे टप्पा ४ मध्ये जी चूक होती ती इथे बरोबर आहे.

रोजची फेरी इथे प्रवह वायू घडवतो. आद्यचालक गोल काढू नका. पृथ्वीखाली शेष, कासव किंवा हत्तीही नकोत. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याची नोंद आहे त्या भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'च्या (११५०) गोलाध्यायात हा मुद्दा निकालात काढला आहे: पृथ्वीला आधार हवा तर त्या आधाराला दुसरा, त्याला तिसरा, आणि हे कुठेच संपत नाही.

## टप्पा ९: आकृतीखालची ओळ

चार गोष्टी लिहा: पुस्तकाचं नाव, साल, गोलांची संख्या, आणि 'अंतरं प्रमाणात नाहीत' किंवा 'एक मिलिमीटर म्हणजे पृथ्वीच्या दहा त्रिज्या'. लहान आकारात छापायची असेल तर अक्षरं वलयात वळवून लिहू नका, बाहेर रेघा ओढून आडवी लिहा. छपाईला देण्याआधी शनी ते चंद्र हा क्रम वारांवर आणखी एकदा मोजा, कारण संगणकावर नव्याने नावं टाकताना बुध आणि शुक्र पुन्हा उलटे होतात.